खड्ड्यातलं मीठ

बावड्याच्या दुकानात खडेमिठाचं अख्खं पोतं मागितलं
तर दुकानदार म्हणाला, 'लोणचं घालताय का मढं पुरताय?'
अर्थिंग, म्हटलं.
तो हसला. पोतं मात्र स्वतः स्कूटरवर चढवून दिलं.

घरापासून माझं गॅरेज बत्तीस पावलं.
मधे शेवगा, पाण्याची टाकी,
आणि दोन बुलेटचे सांगाडे, ज्यांचे मालक आता फोन उचलत नाहीत.
एवढ्या अंतरावरून वीज यायची
ती वाळत घातलेल्या कपड्यांच्या सोबतीनं.
दोनच वायरी, टेपच्या काळ्या गाठी,
आणि तिसरीच्या जागी
कोपऱ्यातल्या खुंट्याला गुंडाळलेला तारेचा तुकडा.
आप्पांचं काम.
चार महिन्यांपुरतं केलेलं, पुढं सोळा वर्षं चाललेलं.
तेव्हा हा गोठा होता.

दस्तगीर शिकलगार सकाळी आठला आले.
बोर्ड उघडला. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.
मग खुंट्याशी उकिडवे बसून त्या तुकड्याचं टोक
अंगठ्यानं चाचपत राहिले.
'हे तुटलेलं न्हाई. पक्कडनं कापलंय कुणीतरी.'
मी आप्पांच्या खिडकीकडं बघितलं नाही.

'मामा, तुम्ही बसा. मी खणतो.'
अडीच फूट चर, तळाला वाळू,
वाळूत आर्मर्ड केबल, धामणीएवढी जाड,
वर आडव्या विटा:
उद्या कुणाची कुदळ आलीच
तर आधी विटेवर वाजेल.

नव्या डब्यात पट्ट्या दोन.
मी काळी आणि हिरवी एकाच स्क्रूखाली घ्यायला निघालो
तर मामांनी टेस्टरनं बोटावर टिचकी मारली.
'ह्या दोघांची गाठ हितं मारायची न्हाई, पोरी.
न्यूट्रल म्हंजे रोजचा गडी.
कामाला जातो, सांजंला माघारी येतो.
अर्थ नुसता पडून असतो, वर्ष वर्ष.
पर एक दिवस असा येतो की त्यो एकटाच धावतो.
दोघं एका वाटंला लावलीस,
आणि वरनं न्यूट्रल तुटला,
तर लाईट कुठं जाईल?
ह्या कंप्रेसरच्या अंगात.'

मला कंप्रेसर दिसला नाही.
साखळी दिसली.
गळ्याला साखळी, साखळी खुंट्याला, खुंट्याला ती तार,
आणि ओल्या शेणात चंद्रीचे चार पाय.
मी चौथीत.
'हात लावू नगंस!'
एवढंच आप्पा ओरडले होते.
खड्ड्यात दोन पोती मीठ गेलं.
विषारी पाला खाल्ला, असं त्यांनी डेअरीत सांगितलं,
गल्लीत सांगितलं, आईला सांगितलं.
तेव्हापासून ते शेवग्याच्या अलीकडंच थांबतात.
गाडीची किल्ली हवी असली तरी तिथूनच हाक.

दुपारी पाइप उभा केला, आठ फुटी, भोकं पाडलेला.
एक थर इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, एक थर मीठ,
परत कोळसा.
पोतं झटकताना खारट धूळ ओठांवर आली.
मी थुंकलो नाही.

शेवटी मामांनी शंभरचा बल्ब घेतला.
एक टोक फेजला. दुसरं अर्थला.
खट्!
ब्रेकर पडला, सगळं बंद,
बल्ब लुकलुकलासुद्धा नाही.
'पास,' मामा म्हणाले.
मी अजून बल्बकडंच बघत होतो.
'आता उन्हाळ्यात दर आठवड्याला घागरभर पाणी वतायचं.
कोरडी जमीन लाईट पीत न्हाई.'
पैसे मोजून खिशात घातले,
आणि जाताना खुंट्याकडं बोट केलं:
'ह्यो काढून टाक.'

खुंटा अजून काढलेला नाही.

रविवारी सकाळी शटर वर केलं
तर पाइपाभोवतीची माती काळी, भिजलेली,
तिच्यात टाचा रुतलेल्या, उजवी जरा खोल.
आप्पा उजव्या पायावर भार देऊन चालतात.
बादली तिथंच विसरली होती,
शेवग्याच्या पलीकडं,
माझ्या बाजूला.